दिवसा नंबर बरोबर, रात्री मात्र दिवे फुटतात: पुन्हा चष्मा बदलण्याआधी काय तपासायचं

तक्रार बहुतेक वेळा अशी असते. माणूस तक्त्यावरची शेवटची ओळ न अडखळता वाचतो. दिवसा गाडी चालवताना लांबची पाटी दिसते, मोबाइलवरचं बारीक अक्षर दिसतं. पण अंधार पडला की समोरच्या गाडीच्या दिव्याला झिपऱ्या फुटतात, सिग्नलचा लाल गोळा पसरतो आणि उड्डाणपुलावरच्या दिव्यांची रांग एकमेकांत मिसळते. मग चष्मा बदलला जातो. काही दिवस बरं वाटतं, कारण नव्या काचेवर ओरखडे नसतात. आणि मग पुन्हा तेच.

नाशिकमध्ये चष्म्याचे नंबर काढायचं काम करताना ही तक्रार घेऊन येणारे मला ठरावीकच दिसतात. अंबड-सातपूरला रात्रपाळी करणारे, निफाड-पिंपळगावकडून द्राक्षं भरून रात्री वाशीला निघणारे पिकअपवाले, आणि क्लास सुटल्यावर कॉलेज रोडवरून घरी जाणारी दुचाकीवरची पोरं. पन्नाशीच्या पुढचेही येतात, पण त्यांचं दुखणं बरेचदा वेगळं निघतं. त्याबद्दल पुढं लिहिलंय.

एक पिकअपवाले दादा म्हणाले होते, ‘साहेब, दिवसा एक नंबर दिसतं. रात्री घोटीच्या पुढं समोरच्यानं अप्पर मारला की रस्ताच जातो. तुमच्या मशिनमध्ये काहीतरी चुकतंय.’ मशिन चुकत नव्हतं. मशिननं ज्या बाहुलीतून पाहिलं ती वेगळी होती, एवढंच.

बाहुली उघडली की काय होतं

भर उन्हात बाहुली आकसून २ मिमीच्या आसपास येते. काळोखात तरण्या माणसाची ७-८ मिमीपर्यंत उघडते. वय वाढतं तसं हे उघडणं कमी होतं. साठीनंतर बऱ्याच जणांची अंधारातही ४-५ मिमीच्या पुढं जात नाही. दुकानातल्या ट्यूबलाइटखाली नंबर काढताना ती यांच्या मधे कुठंतरी असते. म्हणजे आम्ही तपासलेला डोळा आणि रात्री एक वाजता कसारा घाट उतरणारा डोळा एकाच माणसाचा असला, तरी दोन्ही वेळी वापरात असलेला डोळ्याच्या आतल्या काचेचा भाग सारखा नसतो.

बाहुली २ मिमीवरून ६ मिमी झाली की नऊपट प्रकाश आत येतो. अंधारात तेच हवं असतं. पण त्याची किंमत मोजावी लागते. डोळ्याची पुढची पारदर्शक काच, म्हणजे कॉर्निया, आणि आतलं भिंग या दोन्ही वस्तू हातानं थापलेल्या भाकरीसारख्या आहेत: मधे एकसारख्या, काठाला मात्र नाहीत. उजेडात बुबुळ हा काठ झाकून ठेवतं. अंधारात काठ उघडा पडतो आणि तिथून आलेली किरणं मधल्या किरणांच्या जागी जाऊन मिळत नाहीत. बहुतेक डोळ्यांत ती डोळ्याच्या मागच्या पडद्याच्या, जिथं चित्र उमटतं त्याच्या, जरा आधीच मिळतात. हे झालं स्फेरिकल ॲबरेशन. दिव्याला एकाच बाजूला धूमकेतूसारखी शेपटी येते तो कोमा. त्याशिवाय भिंगाच्या तंतूंचे सांधे ताऱ्याच्या आकारात असतात, त्यांनी पडणारे आरे वेगळेच.

हे दोष बाहुलीच्या मापाबरोबर सरळ प्रमाणात वाढत नाहीत, आणि सगळी मेख इथंच आहे. ३ मिमीची बाहुली ६ मिमी झाली, म्हणजे फक्त दुप्पट झाली, तर कोमा आठपट होतो आणि स्फेरिकल ॲबरेशन सोळापट. म्हणून दिवसा ज्याचा पत्ताही नसतो ते रात्री अंगावर येतं. निरोगी डोळ्यात ६ मिमीला या सगळ्या दोषांची बेरीज साधारण पाव नंबराच्या धूसरपणाएवढी भरते. फार नाही. पण तिचा आकार वेडावाकडा असतो, त्यामुळं साध्या चष्म्याच्या काचेनं ती पुसता येत नाही. चष्मा दोनच गोष्टी दुरुस्त करतो, गोल नंबर आणि सिलिंडर (म्हणजे एका ठरावीक दिशेतच लागणारा नंबर).

चष्म्यात राहून गेलेला नंबरही रात्रीच फणा काढतो. अर्धा नंबर सुटलेला आहे असं धरा. २ मिमीच्या बाहुलीत एका ठिपक्याचा डाग साधारण साडेतीन कलांचा पडतो (कला म्हणजे अंशाचा साठावा भाग). ६ मिमीला तोच डाग दहा कलांचा होतो. तक्त्यावरच्या ६/६ च्या ओळीतलं अख्खं अक्षर पाच कलांचं असतं, यावरून अंदाज करा. ‘अर्ध्या नंबरानं काय होतंय’ असं म्हणणाऱ्यांना मी एवढा हिशोब सांगतो. दिवसा खरंच काही होत नाही.

मग बाहुली जितकी बारीक तितकं चांगलं का? तेही नाही. २ मिमीच्या खाली गेलं की बारीक भोकातून जाताना प्रकाश आपोआप पसरायला लागतो, आणि ते कुठल्याच काचेनं थांबत नाही. कॅम्पबेल आणि गुबिश यांनी १९६६ मध्ये पडद्यावरून परत आलेला प्रकाश मोजून डोळ्याच्या प्रतिमेचा दर्जा काढला, तेव्हा सर्वांत चांगली प्रतिमा २.४ मिमीच्या आसपास मिळाली. उन्हातली बाहुली जवळजवळ तिथंच असते.

निसर्गानं थोडी सवलतही दिली आहे. पडद्यावरच्या शंकू पेशी मधून सरळ आलेल्या प्रकाशाला जास्त दाद देतात, काठाकडून तिरक्या आलेल्या प्रकाशाला कमी. स्टाइल्स आणि क्रॉफर्ड यांना हे १९३३ मध्ये बाहुली मोजायच्या खटपटीत सापडलं. मधापासून ३ मिमी लांबून आलेला किरण जेमतेम एक तृतीयांश परिणाम करतो. पण गडद अंधारात काम करणाऱ्या दंड पेशींना ही निवड फारशी जमत नाही. म्हणजे सवलत दिवसाची, वसुली रात्रीची.

शेवटचं एक, कारण नंबरवाल्यांना ते कामाचं आहे. काठाची किरणं पडद्याच्या आधी मिळतात म्हणून, शिवाय अंधारात डोळ्याला पकडायला काही नसतं तेव्हा भिंग जवळच्या बाजूला झुकतं म्हणून, काही जणांचा डोळा रात्री किंचित मायनसकडं सरकतो. ग्रीनिचच्या वेधशाळेतल्या मॅस्केलाइन यांनी १७८९ मध्येच लिहून ठेवलंय की रात्री तारे पाहताना त्यांना जास्त अंतर्वक्र, म्हणजे जास्त मायनसची, काच लागते. लॉर्ड रॅले यांनी १८८३ मध्ये हेच स्वतःच्या डोळ्याबद्दल नोंदवलं. मात्र हे सगळ्यांना होत नाही, आणि होतं तेव्हाही सहसा थोडंच असतं.

दोष काचेत, गाडीत की डोळ्यात

गाडी रस्त्याच्या कडेला नीट उभी करा आणि खाली उतरा. चालू गाडीत यातलं काहीही करू नका. लांबचा एकच दिवा निवडा, शंभर-दीडशे मीटरवरचा. त्र्यंबक रोडवर शहर संपल्यावर असा एकटा दिवा सहज मिळतो. द्वारका चौकात उभं राहून हे जमणार नाही, तिथं चहूबाजूंनी इतका उजेड असतो की बाहुली उघडतच नाही.

खाली उतरल्यावर झिपऱ्या एकदम कमी झाल्या तर दोष पुढच्या काचेचा आहे. वायपरनं पडलेल्या बारीक रेघांना काटकोनात प्रकाशाचा पट्टा पडतो. आणि काचेच्या आतल्या बाजूला डॅशबोर्डच्या प्लास्टिकचा तेलकट थर बसतो, तो कुणी पुसतच नाही. बाहेरून गाडी लख्ख धुतलेली असते आणि आतून काच धुकट. हेल्मेटवाल्यांनी व्हायझर वर करून पाहावं.

झिपऱ्या तशाच राहिल्या तर मान खांद्याकडं झुकवा. आरेही डोक्याबरोबर फिरले तर दोष चष्म्यात किंवा डोळ्यात. आता मान सरळ ठेवून नुसता चष्मा काढा आणि डोळ्यासमोर धरून फिरवा. सिलिंडरचा नंबर असेल तर फिरवताना सगळंच धूसर होईल, त्याकडं दुर्लक्ष करून फक्त बारीक, तीक्ष्ण रेघा बघा. त्या चष्म्याबरोबर फिरल्या तर काचेवर ओरखडे आहेत. शर्टाच्या टोकानं चष्मा पुसणाऱ्यांचे हमखास असतात.

मग एकेक डोळा झाका. उजव्या डोळ्याचा तारा आणि डाव्या डोळ्याचा तारा वेगवेगळ्या आकाराचा दिसला, तर तो त्या त्या डोळ्याचाच आहे. दोन-चार वेळा पापण्या मिटून उघडा. प्रत्येक मिटण्यासरशी आरे लांब-आखूड होत असतील, क्षणभर स्वच्छ होऊन पुन्हा पसरत असतील, तर अश्रूंचा थर नीट नाही, डोळे कोरडे आहेत. एसी लावून रात्रभर गाडी चालवणाऱ्यांत हे खूप दिसतं. त्यावर चष्मा बदलणं म्हणजे पैसे वाया.

आता खरी चाचणी. मला ही सगळ्यांत आवडते, कारण माणसाला स्वतःलाच पटतं आणि माझं बोलणं वाचतं. उजव्या डोळ्यानं लांबचा दिवा पाहत राहा. डाव्या हाताचा पंजा नाकाच्या मधोमध उभा धरा, डाव्या बाजूचा उजेड उजव्या डोळ्यावर येणार नाही असा. मग दुसऱ्या कुणाला तरी हातभर अंतरावरून, जरा बाजूनं, डाव्या डोळ्यावर मोबाइलचा टॉर्च एक-दोन सेकंद मारायला सांगा. दोन्ही बाहुल्या जोडीनंच आकसतात. उजव्या डोळ्यावर उजेड पडलेला नसतो, तरी त्याचीही बाहुली आकसते आणि समोरच्या दिव्याच्या झिपऱ्या तिथल्या तिथं आखडतात. टॉर्च बंद केला की हळूहळू पुन्हा फुटतात. वर सांगितलेले पिकअपवाले दादा दुकानाच्या पायरीवर उभे राहून हे पुन्हा पुन्हा करून बघत होते, शेजारच्या झेरॉक्सवाल्यालाही त्यांनी बोलावून आणलं. आकसण्याला सेकंदही पुरतो, उघडायला मात्र बराच वेळ लागतो, हेही त्यात दिसतं. समृद्धी महामार्गावरच्या इगतपुरीच्या सुमारे ८ किमीच्या बोगद्यात दुपारी शिरताना क्षणभर काही दिसत नाही, बाहेर पडताना मात्र डोळे लगेच सावरतात. त्यात या वेगातल्या फरकाचा हात असतो.

टॉर्चनं झिपऱ्या आखडल्या तर दोष बाहुलीच्या काठातून येणाऱ्या किरणांचा आहे. खात्रीसाठी जुन्या व्हिजिटिंग कार्डाला सुईनं मिलिमीटरभराचं भोक पाडा आणि त्यातून दिवा पाहा. दिवा मंद पण टाचणीच्या डोक्याएवढा स्वच्छ दिसला तर नंबर किंवा काठाचे दोष. भोकातूनही दिव्याभोवती दुधाळ धुकं तसंच राहिलं तर आत काहीतरी गढूळ आहे. पन्नाशीच्या पुढं ते बहुधा मोतीबिंदू असतं. त्यांची बाहुली रात्रीही फार उघडत नाही, त्यामुळं काठाच्या दोषांना त्यांच्यात कमी वाव असतो. त्यांनी माझ्याकडं येण्यात अर्थ नाही, सरळ डोळ्यांच्या डॉक्टरकडं जावं.

काय निघालं तर काय करायचं

ओरखडे, तेलकट काच, कोरडे डोळे यांचे उपाय उघड आहेत. ॲंटी-ग्लेअर कोटिंग घ्या, ते काचेच्या पृष्ठभागावरचे परावर्तित दिवे खरंच कमी करतं. पण बाहुलीच्या काठाचे आरे त्यानं जात नाहीत, आणि जातात असं सांगणाऱ्या विक्रेत्यावर विश्वास ठेवू नका.

नंबर तपासायला संध्याकाळनंतर या आणि दुकानातला उजेड कमी करून मागा. कुणी कुरकुर करेल, करू द्या. सुटलेला पाव-अर्धा सिलिंडर अशा वेळीच सापडतो. रात्रीसाठी पाव मायनस जास्त लागतोय असं वाटलं, तर ट्रायल फ्रेम (काचा बदलून बघायची चाचणीची चौकट) घालून दुकानाबाहेर येऊन रस्त्यावरच्या दिव्यांकडं पाहा. तिथं फरक पडला तरच रात्रीचा वेगळा चष्मा करा, आणि तो दिवसा वाचायला वापरू नका. फरक जाणवत नसेल तर नको. ‘बरं वाटतंय’ म्हणून मायनस चढवत नेणं ही आमच्या धंद्यातली वाईट सवय आहे. तरुण डोळा जास्तीचा मायनस मुकाट्यानं पचवतो आणि नंतर डोकं दुखतं.

पिवळे ‘नाइट ड्रायव्हिंग’ चष्मे घेऊ नका. महामार्गालगतच्या दुकानांत ते लटकलेले असतात. पिवळी काच थोडा प्रकाश अडवते, म्हणजे आधीच अंधारात आणखी अंधार. २०१९ मध्ये अमेरिकेत ड्रायव्हिंग सिम्युलेटरवर हे तपासलं गेलं. रस्त्यावरचा पादचारी दिसण्यात या चष्म्यांनी काहीच सुधारणा झाली नाही. घालणाऱ्याला मात्र बरं वाटतं, म्हणून ते खपतात.

लेसर करून चष्मा घालवायचा विचार असेल तर अंधारातली बाहुली किती मिमी होते ते आधी मोजून घ्या आणि डॉक्टरांना थेट विचारा. लेसरनं आकार दिलेला भाग ठरावीक व्यासाचा असतो. बाहुली त्याच्या बाहेर उघडली तर रात्री दिव्याभोवती कडं दिसू शकतं. ज्याचं पोट रात्रीच्या ड्रायव्हिंगवर आहे त्यानं हे विचारल्याशिवाय सही करू नये.

थेंब, धोतरा आणि फवारणी

बाहुली अंधाराशिवायही मोठी होते. पडदा तपासायला दवाखान्यात थेंब टाकतात, त्यातल्या ट्रॉपिकामाइडचा असर साधारण चार ते आठ तास राहतो. सायक्लोपेंटोलेटचा दिवसभर, ॲट्रोपिनचा तर आठवडा-दोन आठवडेही. थेंबांनंतर उन्हात सगळं पांढरं दिसतं, कारण बाहुली आता आकसूच शकत नाही, आणि काठाचे सगळे दोष भर दुपारी उघडे पडतात. गाडी चालवायला माणूस बरोबर घेऊन जा. त्याच दिवशी नंबर काढायला माझ्याकडं येऊ नका. आत्ताच काढून टाका म्हणून हट्ट धरणारे असतात, पण तो नंबर दुसऱ्या दिवशीच्या बाहुलीला लागू पडेलच असं नाही.

श्रावणात आणखी एक प्रकार दिसतो. महादेवाला वाहायला धोतऱ्याची फुलं-फळं हातानं खुडतात आणि त्याच हातानं डोळा चोळतात. धोतऱ्यात ॲट्रोपिन आणि स्कोपोलामिन असतं. एका डोळ्याची बाहुली टपोरी होते, जवळचं दिसेनासं होतं, आणि घरचे घाबरतात. हा असर उतरतो, पण एकच बाहुली मोठी होण्यामागं गंभीर कारणंही असू शकतात. म्हणून ‘धोतराच असेल’ असं घरी ठरवू नका, डॉक्टरांना दाखवा आणि धोतरा हाताळल्याचं आवर्जून सांगा.

याच्या अगदी उलटं द्राक्षबागांत घडतं. ऑर्गनोफॉस्फेट गटातली कीटकनाशकं अंगावर गेली की बाहुली टाचणीएवढी होते. दिवसाउजेडी अंधारल्यासारखं वाटतं, डोळ्यांतून पाणी येतं, लाळ सुटते, मळमळतं. फवारणीनंतर असं झालं तर चष्म्याच्या दुकानाकडं फिरकू नका. कपडे उतरवून अंग धुवा, औषधाची बाटली बरोबर घ्या आणि थेट हॉस्पिटल गाठा.

ज्याला उशीर चालत नाही

दिव्याभोवती इंद्रधनुष्यासारखी रंगीत कडी दिसणं, सोबत डोळा लाल, डोकं किंवा डोळा ठणकणं आणि उलटी होणं, हे काचबिंदूच्या अचानक येणाऱ्या झटक्याचं लक्षण आहे. ज्यांच्या डोळ्याचा पुढचा कोन अरुंद असतो त्यांना अंधारात बाहुली उघडल्यानंच तो येऊ शकतो. त्याच रात्री डॉक्टर गाठा, सकाळची वाट पाहू नका. एक बाहुली अचानक मोठी, पापणी खाली पडलेली आणि दोन-दोन दिसणं किंवा जोराची डोकेदुखी असेल तर तातडीच्या विभागात जा.

वीस-पंचविशीतल्या पोराचं सिलिंडर दर वर्षी वाढतंय, एकाच दिव्याला दोन-तीन भुतं दिसतायत, आणि त्याला डोळे चोळायची खोड आहे, तर कॉर्नियाचा नकाशा काढून घ्या. केराटोकोनसमध्ये कॉर्निया खालच्या बाजूला फुगून कोमा खूप वाढतो, आणि तो वेळेत पकडला तर पुढं जाणं थांबवता येतं. नाशिकमध्ये हा नकाशा निघतो, मुंबईला जायची गरज नाही.

बाकीच्यांनी येताना जुना चष्मा बरोबर आणा, दिवस मावळल्यावर या, आणि कार्डाच्या भोकातून दिवा कसा दिसला ते सांगा. दुचाकीवाले असाल तर हेल्मेटही आणा.